पाणी कुणाच्या रानातून

सोलापूरची माणसे बार्शीला जातात ती अडत बाजाराच्या कामाने, लग्नाला, नाहीतर मुलाला कॉलेजात घालायला. वाटेत वैराग लागते. एसटी चहापुरती थांबते, लोक पाय मोकळे करतात, आणि गाडी सुटली की वैराग मागे पडते ते कायमचेच. माझेही तसेच झाले असते. पण बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, मी शेतीची पदविका घेऊन मृद्संधारण खात्यात नुकताच लागलो होतो, आणि दुष्काळात घाईघाईने घातलेले बांध कुठे टिकले, कुठे फुटले, ते पाहून दुरुस्ती सुचवण्याच्या कामावर मला वैराग भागात धाडण्यात आले.

मी शेतकऱ्याच्या घरातला नाही हे आधी सांगतो. नवी पेठेच्या मागच्या बोळात एका छापखान्यात माझे वडील खिळे जुळवायचे. इतर मुलांच्या हाती गोष्टीची पुस्तके होती त्या वयात माझ्या हाती पत्रके होती. गिरणी बंद पडल्याचे पत्रक, भाववाढीचे पत्रक, निवडणुकीचे, सभेचे. शाई ओली असतानाच मी ती वाचायचो. अन्याय कुठला हे ठळक अक्षरात कळायचे, त्याच्या खाली उद्गारचिन्ह असायचे, आणि शेवटच्या ओळीत काय करायचे तेही सांगितलेले असायचे. जमिनीच्या प्रश्नावर मी अशी कितीतरी पत्रके वाचली होती. जमीन मात्र वाचली नव्हती. ती मी वैरागच्या पुढे एका गावात पाहिली. त्या गावाचे नाव मी देणार नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांना अजून तिथेच एकमेकांच्या शेजारी राहायचे आहे.

वैराग

धान्याच्या एका दुकानामागची खोली आम्हाला मिळाली. आम्ही म्हणजे मी आणि नबीलालभाई. नबीलालभाई खात्यातले जुने खलाशी; मोजणीची उंच पट्टी धरणे, साखळी ओढणे, दुर्बीण खांद्यावरून वाहणे ही त्यांची कामे. माणूस सोलापूरचाच, बोलणे दखनी. मी चिडलो की ते म्हणायचे, "साब, आवाज जरा नीचे रखो. जमीन भागके नहीं जाती."

मी म्हणायचो, "भाई, तीच तर पळून चाललीय. म्हणून आपण इथे आलोय."

जेवण बाजारातल्या खानावळीत. ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, शेंगांची चटणी आणि मुठीने फोडलेला कांदा. आमच्या बोळात भाकरी कडक करून ठेवतात आणि चार दिवस पुरवतात, कारण गिरणीच्या पाळ्या सांभाळायच्या असतात. शेजारच्या विणकर पद्मशाल्यांच्या घरून तर दोन्ही वेळा भाताचाच वास. इथे भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, आणि ती गार होऊ देणाऱ्याकडे लोक वेडा म्हणून बघतात.

खानावळीचा मालक पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुमी मातीचे डाक्टर व्हय?"

"तसंच म्हणा."

"काय झालंय मातीला?"

"वाहून चाललीय."

"मग धरून ठेवा की. आमची पोरं बी पुन्याला व्हाऊन चालल्यात, त्यास्नी बी धरता आलं तर बगा."

चौघेजण हसले. मीही हसलो, पण ते वाक्य डोक्यात राहिले.

तात्यांचे रान

पौषाच्या तोंडावर त्या भागातली ज्वारी पाहावी. शाळू डोक्याला लागलेला असतो, कणसे पोटरीतून बाहेर येऊन दाणा धरायला लागलेली असतात, आणि माळ्यावर उभी राहिलेली माणसे गोफण फिरवत पाखरे हाकत असतात. पाऊस जाऊन महिने झालेले असतात. या पिकाला वरून थेंब मिळत नाही. जमिनीने पावसाळ्यात जे पोटात साठवले तेवढ्यावरच ते उभे असते. म्हणून तिथे माती वाहून गेली की नुसती माती जात नाही. पुढच्या हिवाळ्याची भाकरी जाते.

ज्या रानापाशी आम्ही गेलो ते तात्यांचे. तात्या पन्नाशीतले, अंगाने सुके, बोलताना समोरच्याकडे न बघता पिकाकडे बघणारे. त्यांचे रान पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरते. वरच्या अंगाला मुरूम, खाली काळी भारी जमीन. खालच्या कडेला दुष्काळात घातलेला लांबलचक बांध. बांधाच्या उत्तर टोकाला गवताळ गायरान आहे. दक्षिण टोकाच्या खाली दगडू सोनवणे यांचे रान, आणि त्याच्या पलीकडे ओढा.

बांध पाहताच चूक दिसली. पाण्याच्या कामातला बांध समपातळीने जायला हवा. जमीन वळेल तसा तोही वळायला हवा. हा बांध दोरी धरल्यासारखा सरळ होता. सरळ असल्यामुळे त्याचे दक्षिण टोक खाली गेले होते, रानभरचे पाणी त्या कोपऱ्यात जाऊन साठत होते, आणि मागच्या पावसाळ्यात बांध तिथेच फुटला होता.

"हा सरळ कुणी काढला?" मी विचारले.

"आमीच," तात्या म्हणाले. त्यात त्यांना लाजण्यासारखे काही वाटले नाही. "खात्याच्या मान्सानं फक्कीची रेघ टाकलेली, सापावानी वाकडी. बांध वाकडा तर तास वाकडं. बैलं कुटं वळायची? पाभर कशी धरायची? मुकादमाला म्हनलं, सरळ घे. त्यानं घेतला."

पुढे मी पाहिले, त्या पट्ट्यात पुष्कळ बांध असेच सरळ झाले होते. कुणी वाईट हेतूने केले नव्हते. पेरणीचे तास सरळ असणे ही तिथे शेतकऱ्याची अब्रू आहे. वाकड्या तासाच्या रानावरून वाटसरू शेरे मारत जातात.

मी दुर्बिणीची तिवई उभी करू लागलो, तोच तिचा एक पाय जमिनीच्या भेगेत सरकला आणि मी तिवईला मिठी मारून गुडघ्यावर आलो. त्या जमिनीला हिवाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तात्यांच्या पत्नी अनुसयाकाकू भाजीची पाटी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"रानानं पाय धरला साहेबांचा," त्या म्हणाल्या. "आता जाऊ देत न्हाय."

तात्यांना दुर्बिणीतून पाहायचे होते. या दुर्बिणीत सगळे उलटे दिसते. नबीलालभाई पट्टी घेऊन बांधावर उभे होते. तात्यांना ते पाय वर, डोके खाली असे दिसले. तात्यांनी डोळा काढला, तसेच पाहिले, पुन्हा डोळा लावला.

"आन् ह्याच्यावरनं तुमी आमाला सरळ-वाकडं सांगताय?"

नबीलालभाई लांबून ओरडले, "क्या हुआ तात्या?" तेव्हा तात्या पहिल्यांदा हसले.

ते हसू फार टिकले नाही. मोजणी झाल्यावर मी त्यांना काय करायला हवे ते सांगितले. पाणी बांधाला येऊन पोचण्याआधीच वरच्या वर अडवायचे, आणि रानाच्या मधून एक उथळ, रुंद चर काढून हळूहळू उत्तरेला, गायरानाच्या गवतावर सोडायचे. चर उथळ असेल, बैल औतासकट ओलांडतील. पण तो जमिनीच्या उताराप्रमाणे वाकडा जाईल.

"माज्या रानाचं दोन तुकडं," तात्या म्हणाले. "ते बी वाकडं."

"नाहीतर पाणी सोनवण्यांच्या रानातूनच जाणार."

"आत्ता तितनंच जातंय की. जातंय तितंच दगडाचा सांडवा बांधा, झालं. तुमचं वरचं साहेब बी तसंच म्हनून गेलं."

हे खरे होते. माझ्या वरिष्ठांनी निघतानाच सांगितले होते, पाणी जिथून वाट काढते आहे तिथेच दगड रचून टाका आणि मोकळे व्हा. शेतकऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्या रानात चर घालता येत नाही. आराखडा येत्या अमावस्येनंतर लगेच द्यायचा होता.

मी आवाज चढवला. दुसऱ्याच्या रानाचा नाश आपल्या तासांपेक्षा स्वस्त वाटतो का, असे काहीतरी विचारले. तात्यांनी पिकावरची नजर काढली नाही.

"दुष्काळात बांध घालताना मला कुनी इचारलं? जमीन बांधाखाली गेली. पयल्या साली पानी साचून कोपऱ्यातला शाळू कुजला. तवा कुनी आलं न्हाय साहेब. आता माज्याच रानातनं पानी न्हेताय, आन् माज्यावरच वरडताय."

 अनुसयाकाकूंनी भाजीची पाटी डोक्यावर घेतली आणि जाताजाता म्हणाल्या, "भांडान ऱ्हाऊ द्या. अवसेला येळवस हाय, जेवाय या दोघं. त्या दिशी रानात आलेल्याला रिकामं धाडायचं नस्तं. धाडलं तर दाना भरत न्हाय."

ओढ्याकाठी

दगडू सोनवण्यांचे रान पाहायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. बांध फुटला तिथून निघालेली घळ त्यांच्या रानाच्या मधोमध उतरत ओढ्यापर्यंत गेली होती. मी तिच्यात उभा राहिलो तेव्हा वरची ज्वारी माझ्या डोळ्यांच्या रेषेत आली. घळीच्या तोंडाशी मुळे उघडी पडलेली ताटे वाऱ्यावर हलत होती. अजून एकदोन पावसाळे, आणि हे रान ओढ्याचाच भाग झाले असते.

दगडू माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. सोनवण्यांचे घर बौद्ध. धर्मांतर झाले तेव्हा दगडू पोरवयाचे होते. घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, बाकी देव्हारा नाही. त्यांच्या पत्नी गोजरबाई यांनी चहा दिला, गुळाचा. कप माझ्या हातात देऊन त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मी प्यायलो तेव्हा कामाला गेल्या.

दगडू मला म्हणाले, "ही जमीन वडलांनी माळ फोडून केली. हित दगूड व्हतं नुसतं. आता वरची माती बी ऱ्हाईना आन् खालचं दगूड पुना दिसाया लागलं."

"तुम्ही तात्यांशी बोललात?"

"बोललो. चावडीत बोललो, बांधावर बोललो, पंचायतीत बोललो. पयलं मी त्यांच्याकडं कामाला जात व्हतो. बांध फुटला तवापासनं जात न्हाय. मजुरी करून त्यांचं रान राखायचं आन् त्यांच्या पान्यानं माजं मरायचं, दोन्ही कसं व्हनार?"

माझे रक्त तापले. मी त्यांना सांगितले की मी सविस्तर लेख लिहीन, पत्रक छापीन, वडील छापखान्यात आहेतच. आणि येळवशीला तात्यांच्या रानात जेवायला जाणार नाही. जिथे तुम्हाला पंक्तीला बोलावणे नाही तिथे मीही बसणार नाही. हे सांगताना मला माझे स्वतःचेच शब्द बरे वाटले.

दगडूंनी विडी विझवली.

"तुमी जेवा न्हायतर नका जेवू. माज्या रानाला त्याचं काय साहेब? मला त्यांच्या पंक्तीला बसायचं न्हाय. माजी आई बसायची बांधाच्या ह्या अंगाला, येळवशीला. वरनं टाकायचे तिच्या पाटीत. आमी ते सोडलं. देव सोडलं, ती पाटी बी सोडली. मला जेवान नको. पानी वळवा."

गोजरबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "खरंच वळतं का ते? का नुसतं म्हनताय?"

"वळतं," मी म्हणालो. "मी मोजलंय. वरच्या वर गायरानाला जातं. पण तात्या हो म्हणायला हवेत."

"कवापत्तुर म्हनाया पायजेत?"

"अमावस्येपर्यंत. नंतर आराखडा जाईल."

त्या आत गेल्या. 

येळवस

सोलापुरात आम्ही अमावस्येला नारळ फोडतो आणि कामाला जातो. त्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावात माणूस राहत नाही. घरे कुलूप लावून सगळे रानात. त्याला येळवस म्हणतात. पीक दाण्याला आलेले असते, म्हणजे जमीन पोटुशी आहे असे समजून तिचे डोहाळे पुरवायचे. रानात कडब्याची लहानशी कोप उभारतात, आत पाच दगड चुना लावून पांडव म्हणून मांडतात. भज्जी म्हणजे त्या मोसमातल्या साऱ्या शेंगा, भाज्या, हरभरा, वाटाणा एकत्र शिजवून चिंच आणि बेसन लावून केलेले कालवण. तिच्यासोबत बाजरीचे उंडे म्हणजे वाफवलेले गोळे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर, आणि मडक्यात आंबवलेले ताकातले आंबील. आंबील रानभर शिंपडत घरधनी फेरी घालतो आणि अर्ध्या कानडी वळणाची एक जुनी हाळी देतो. तिचा अर्थ तिथे कुणालाच सांगता आला नाही. त्या दिवशी जमिनीला लोखंड लावायचे नाही. विळा नाही, खुरपे नाही, कुदळ नाही.

मी गेलो. दगडूंच्या बोलण्यानंतर न जाण्याला काही अर्थ उरला नव्हता. तात्यांचे व्याही बार्शीहून सहकुटुंब आले होते. वैरागचे दोन अडते होते, भावकी होती. नबीलालभाई एका बाजूला बसून मन लावून जेवत होते आणि काकू त्यांच्या द्रोणात भज्जी ओतत होत्या.

"बस, बस, भाभी. पेट फटेगा."

"फुटू दे. बांध फुटतोय, प्वाट फुटलं तर काय झालं?"

हसणे चालू असतानाच ते एका बाजूने थांबत गेले. गोजरबाई बांधावर उभ्या होत्या.

स्वच्छ पातळ, डोक्यावर पदर, हात पाठीमागे. सोबत कुणी नाही. जुन्या माणसांना पाटी घेऊन इथे बसणारी त्यांची सासू आठवली असणार, कारण कुणालाच विचारावे लागले नाही की ही का आली. काकू उठल्या. पळसाच्या द्रोणात भज्जी आणि दोन उंडे घेऊन त्या बांधापाशी गेल्या.

"ये गं गोजरे. लई वर्सांनी तुमच्यातलं कुनी आलं."

गोजरबाईंनी हात पुढे केले नाहीत.

"जेवाय न्हाय आले काकू."

"मग?"

"मागाय आलीया. तात्यांकडं."

तात्या पंक्तीतून न उठताच म्हणाले, "काय पायजे?"

"पान्याला वाट. साहेबांनी मोजलीया ती. वरच्या वर, गायरानाकडं."

व्याही म्हणाले, "बाई, ही काय येळ झाली व्हय हे मागायची?"

"हीच येळ हाय पाव्हनं. बाकीच्या दिशी मागून झालंय."

तात्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढला नाही. "तुमी देव सोडलं न्हवं? पांडव सोडलं, येळवस सोडली. मग आज कशाच्या जोरावर मागतीस?"

"मी मानत न्हाय तात्या," गोजरबाई म्हणाल्या. "तुमी मानताय. म्हनून तर आजच आले."

माझ्या तोंडात उंड्याचा घास होता. तो गिळावा की काय करावे मला कळेना. लहानपणापासून वाचलेल्या पत्रकांत अशा प्रसंगी बोलायची पुष्कळ वाक्ये होती. त्यातले एकही मला तिथे बोलण्याजोगे वाटले नाही. त्या बाईने जे करायचे ते केले होते, आणि त्यात भर घालणे म्हणजे बिघडवणे होते.

कुणी जेवत नव्हते. काकू भरलेला द्रोण हातात धरून तशाच उभ्या होत्या. त्या परत येऊन बसल्या असत्या तर गोष्ट तिथेच मिटली असती. बाई आली, जेवण नको म्हणाली, गेली. पण त्या बसल्या नाहीत. तात्यांकडे बघून हळूच म्हणाल्या, "दाना भरतूया आत्ता."

तात्यांनी कणसांकडे पाहिले.  मग ताटाजवळच्या तांब्यातले पाणी घेऊन हात धुतला.

"साहेब, काय खुना करायच्या त्या आज करा. दिस मावळायच्या आत. उद्या सकाळी मी काय बोलंन, माजं मला ठावं न्हाय."

खुणा कशा करायच्या? खुंट्या ठोकता येत नव्हत्या, त्यांच्या टोकाला लोखंड. पीक कापून वाट काढता येत नव्हती. चुन्याची रेघ डोक्याएवढ्या ज्वारीत दिसली नसती. मी विचार करत होतो तेवढ्यात काकूंनी आम्ही सोबत आणलेल्या तिवईकडे बोट केले. तिच्या पायांनाही लोखंडी टोके होती. नबीलालभाईंनी तीन पोती घडी करून आणली आणि तिवईचा एकेक पाय त्यावर ठेवला. खुणांचा उपाय तात्यांनीच काढला. दोन शेजारच्या ताटांची पाने एकमेकांत घेऊन त्यांनी गाठ मारली.

"अशी मारायची. सांगा कुटं."

मी वरच्या अंगाला दुर्बिणीशी. नबीलालभाई पट्टी घेऊन पिकात शिरले. त्यांचे डोके दिसेना. नुसती रंगीत पट्टी ज्वारीतून चालल्यासारखी दिसत होती. मी हाताने खूण करायचो, वर, अजून वर, थांब. ती थांबायची. तिच्यापाशी ज्वारी हलायची, गाठ पडायची, पट्टी पुढे सरकायची. पाहुण्यांतले कुणी आले नाही. ते जेवून बैलगाड्यांकडे गेले, आणि व्याह्यांच्या घरच्या बायका काकूंशी बोलायच्या बंद झाल्या. तात्या एकटे गाठी मारत गेले. रेघ जिथे वळे तिथे ते क्षणभर थांबत, मागे बघत, आणि पुढे जात.

गोजरबाई शेवटची गाठ पडेपर्यंत बांधावर होत्या. त्यांनी ज्वारीला हात लावला नाही, द्रोणालाही नाही. काकूंनी तो द्रोण शेवटी बांधावर ठेवला. तो तिथेच राहिला.

परतताना मी त्यांच्या घरावरून गेलो. दगडूंना नुकतेच कळले होते आणि ते रागात होते. "आमी जे सोडलं तितंच हात पसराय गेलीस?" असे विचारत होते.

"हात माजं पाटीमागं व्हतं," गोजरबाई म्हणाल्या. "साहेबांना इचारा."

मी होय म्हणालो. दगडूंनी माझ्याकडे पाहिले नाही.

माघ

आराखडा मी दुसऱ्याच दिवशी दिला. त्यानंतर मला करमाळ्याकडे पाठवले, आणि परत वैरागला जाईपर्यंत माघ निम्मा झाला होता. वाटेत सगळीकडे ज्वारी निघालेली, कडब्याच्या गंजी रचलेल्या, खळ्यांवर मळणी. मी स्वतःची समजूत घालत निघालो होतो. तात्यांनी एका दिवसाचा शब्द दिला होता, तोही दहाजणांसमोर अडकून. ज्वारी उपटली की गाठी गेल्या. गाठी गेल्या की रेघ गेली. मग पुन्हा मोजणी, पुन्हा संमती, आणि या वेळी येळवस नाही. खिशात मी एका पत्रकाचा मसुदाही लिहून आणला होता.

रान उघडे पडले होते. काळी जमीन, मोकळी, भेगाळलेली. आणि तिच्या मधून, वरच्या दक्षिण कोपऱ्यापासून गायरानापर्यंत, ज्वारीची एक वाकडी ओळ उभी होती. कणसे खुडून घेतलेली, ताटे सुकून पिवळी, आणि जोडीजोडीने गाठ मारलेली. जाणारे-येणारे तिकडे बघून काय म्हणत असतील याची कल्पना मला आता होती.

तात्या बांधावर बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"मजूर कवा यायचं तुमचं?"

"शिमग्यानंतर. दुसऱ्या कामावर आहेत."

"तवर ह्ये असंच ठेवायचं व्हय? नांगरट कवा करू?"

दगडूंनी आमच्याकडे पाहिले होते. ते घळीच्या कडेने वर आले, खांद्यावर कुदळ आणि खोरे. तात्यांपासून थोड्या अंतरावर थांबले आणि माझ्याशी बोलले.

"आज धरतो. खोली सांगा."

"मजूर येतील ना."

"चर माजा हाय. मी खनतो. मजुरी कुनाचीच घेनार न्हाय, सरकारची बी."

मी तात्यांकडे पाहिले. रान त्यांचे होते. ते धोतर सावरून उठले, गायरानाच्या टोकाला गेले आणि पहिल्या गाठीपाशी वाकले.

"ताटं माजी हायत," तेही मलाच म्हणाले. "त्याला हात लावायचा न्हाय. मी उपटतो, मागनं खना म्हनावं."

त्यांनी गाठ न सोडता दोन्ही ताटे मुळासकट उपटली, माती झाडली, बाजूला ठेवली आणि पुढच्या जोडीपाशी गेले. दगडूंनी त्या जागी पहिली कुदळ घातली. मी नबीलालभाईंना घेऊन पट्टी लावू लागलो.

दिवसभर ते तसेच चालले. काकूंनी तात्यांची भाकरी आणली, गोजरबाईंनी दगडूंची. दोघे वेगवेगळ्या दिशेला तोंड करून जेवले. एकमेकांशी ते एक शब्द बोलले नाहीत, आणि काही सांगायचे असले तर मला सांगत होते. उपटणे सोपे, खणणे कष्टाचे. तात्या सहज पुढे निघून गेले असते. पण प्रत्येक वळणावर, मागून कुदळीचा आवाज लांब गेला की ते थांबत. मागे वळून बघत नसत. पुढच्या गाठीवर हात ठेवून उभे राहत, आणि आवाज जवळ आला की ती उपटत.